लेखाचं वक्तृत्व-विश्लेषण कसं लिहावं: सीमाभागातल्या विद्यार्थ्यांसाठी

वर्तमानपत्रातला एखादा लेख हातात देऊन 'याचं रेटॉरिकल अ‍ॅनालिसिस लिहून आणा' असं सांगितलं, की बरेच जण लेखाचा सारांश लिहून आणतात. उरलेले लेखकाशी भांडून येतात. दोघांनाही गुण जेमतेम मिळतात, कारण विचारलेलं तिसरंच असतं. वाचकाला आपल्या बाजूला वळवण्यासाठी लेखकानं काय काय केलं, आणि ते कुठे लागू पडलं, कुठे फसलं, एवढंच या निबंधात सांगायचं.

मराठीत याला वक्तृत्व-विश्लेषण म्हणू. वक्तृत्व म्हटलं की आपल्याला स्पर्धा आणि वेळ संपल्याची घंटा आठवते. इथे त्याचा अर्थ मन वळवण्याची कला, मग ती बोललेली असो वा छापलेली. इंग्रजी किंवा पत्रकारिता घेतलेल्यांना हा निबंध लिहावा लागतो, आणि अमेरिकेत शिकायला जाणाऱ्यांची तर पहिल्याच वर्षी त्याच्याशी गाठ पडते.

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या विद्यार्थ्यांना यात एक अडचण आहे आणि एक सोयही. इथल्या दैनिकांतले निम्मे वाद आपण घरात लहानपणापासून ऐकलेले असतात, त्यामुळे लेख पुरता वाचायच्या आधीच मान हलते, होकारार्थी किंवा नकारार्थी. ही अडचण. सोय अशी, की एकच घटना दोन भाषांतल्या वर्तमानपत्रांत शेजारी ठेवून वाचता येते. शब्द कसे निवडले जातात, हे त्याहून स्वच्छ दुसरीकडे कुठे दिसायचं नाही.

आधी जवळ काय हवं

- प्रश्नाचा कागद. शब्दमर्यादा आणि नेमकं क्रियापद ('विश्लेषण करा', 'मूल्यमापन करा', 'तुलना करा') अधोरेखित करा.
- लेखाच्या दोन झेरॉक्स प्रती: एक रेघोट्या मारायला, एक कोरी. चारी बाजूंनी दोन बोटं समास राहील अशा काढा.
- दैनिकाचं नाव, आवृत्ती, तारीख, पान क्रमांक, लेखकाचं नाव आणि लेखाखाली दिलेली त्याची ओळख. ई-पेपरचं पान नंतर सापडेलच असं नाही. त्याच दिवशी उतरवून ठेवा.
- तीन रंगांची पेनं, एक वही, एक शब्दकोश.
- वेळ. आठशे शब्दांच्या निबंधाला तीन दिवसांत मिळून सहा-सात तास धरा. यातला निम्मा वेळ वाचण्यात गेला पाहिजे.

१. लेख निवडताना

निवड तुमच्यावर सोडली असेल तर मत मांडणारा लेख घ्या: अग्रलेख, स्तंभ किंवा वाचकाचं लांब पत्र. सहाशे ते हजार शब्द पुरतात. साध्या बातमीतही निवड असतेच, पण ती दाखवणं नवख्याला जड जातं. उपरोधिक लेख पहिल्या खेपेला टाळा. लेखक म्हणतो एक आणि सुचवतो दुसरं, त्यात पाय घसरतो.

ज्या विषयावर तुमचं रक्त उसळतं तोही पहिल्या निबंधाला नको. सीमाप्रश्नावरचा लेख दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला जरूर घ्या. पहिल्यांदा घेतलात तर निबंधाऐवजी निवेदन लिहून होईल.

आणि अनुवादित लेख नकोच. कन्नड किंवा इंग्रजी लेखाचा मराठी अनुवाद घेतला, तर ज्या शब्दांवर तुम्ही बोट ठेवणार ते अनुवादकाचे असतात, लेखकाचे नव्हेत.

२. लेख कुठल्या परिस्थितीत आला ते मांडा

अमेरिकन अभ्यासक लॉइड बिट्झर यांनी १९६८ मध्ये या परिस्थितीचे तीन भाग सांगितले. पहिला, बोलायला भाग पाडणारी निकड. दुसरा, ज्यांच्या हातात काही बदलणं आहे असे श्रोते. तिसरा, बोलणाऱ्यावरची बंधनं. वहीत तीन मथळे टाकून प्रत्येकाखाली दोन-दोन ओळी लिहा. 'सर्वसामान्य वाचक' असा शब्द श्रोत्यांखाली आला की खोडा. सर्वसामान्य वाचक कुठेच राहत नाही. निपाणी-चिकोडीकडे कोल्हापूरची दैनिकंही घरात येतात; तिथल्या आवृत्तीसाठी लिहिलेला लेख आणि बेळगावच्या दैनिकातला लेख एकाच विषयावर असले तरी समोर बसलेली माणसं वेगळी असतात.

वाचक कोण हे ओळखायची एक खूण म्हणजे लेखक काय समजावून सांगत नाही ते पाहणं. '१९४६ च्या बेळगावच्या संमेलनाची आठवण ठेवा' एवढंच लिहून लेखक पुढे गेला, तर त्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला हे माहीत असलेल्यांसाठी तो लिहितो आहे. बाकीच्यांसाठी ते वाक्य मुकं आहे.

शब्दांची पारख इथूनच सुरू करा. १ नोव्हेंबर ही तारीख घ्या. १९५६ मध्ये राज्यपुनर्रचना त्या दिवशी अमलात आली. एका लेखात तो 'राज्योत्सव' (कर्नाटकाचा स्थापनादिन) असतो, दुसऱ्यात 'काळा दिन'. तारीख तीच, पण नाव उच्चारताच लेखक कुठे उभा आहे ते कळतं आणि पुढचा युक्तिवाद अर्धा होऊन जातो. 'सीमाप्रश्न' आणि 'सीमावाद' यांतही फरक आहे: प्रश्नाला उत्तर हवं असतं, वादाला दोन बाजू असतात.

पण इथेच एक खड्डा आहे. शहराचं अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी झालं. म्हणून मराठी लेखात 'बेळगाव' दिसलं की 'लेखक नामांतर नाकारतो' असं लिहून मोकळं होऊ नका. मराठी माणूस सवयीनंच बेळगाव म्हणतो. सवय आणि निवड वेगळी काढायला एकच प्रश्न विचारा: या जागी, या वाचकासमोर, लेखकाला दुसरा शब्द सहज सुचला असता का? सुचला असता आणि तरी त्यानं तो टाळला असेल, तर ती निवड. सरकारी पत्रातला उतारा देतानाही कुणी मुद्दाम 'बेळगाव' असा बदल केला, तर मग लिहा.

३. तीन वेळा वाचा

पहिलं वाचन पेन खाली ठेवून. कुठे मान हलली, कुठे कपाळाला आठी पडली, तेवढं लक्षात ठेवा. त्या जागा पुढे कामाला येतात.

दुसऱ्या वाचनात वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे 'परिच्छेद काय म्हणतो', उजवीकडे 'परिच्छेद काय करतो'. डावी बाजू सारांशाची, उजवी निबंधाची. 'बिलं थकली आहेत' हे डावीकडे. 'वाचकाला आधी ओळखीचं दृश्य दाखवून मग तक्रारीकडे नेतो' हे उजवीकडे. उजवी बाजू रिकामी राहिली तर निबंध लिहायला बसू नका.

तिसरं वाचन तीन रंगांत: एक पुनरावृत्तीला, एक सर्वनामांना, एक आकडे आणि पुराव्यांना. सर्वनामांचा रंग बहुतेक जण वगळतात आणि सगळ्यांत मोठं घबाड तिथेच असतं.

पुढचा उतारा सरावासाठी रचला आहे. एखाद्या ऊसउत्पादकानं दैनिकात लिहिला आहे असं समजा.

'गाळप सुरू झालं की कारखान्याच्या रस्त्यावर ट्रॅक्टरांची रांग लागते. बिलांची रांग मात्र कुणाला दिसत नाही. गेली वीस वर्षं मी ऊस लावतो, म्हणून लिहितो. ऊस दिल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यावेत, असं १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. उशीर झाला तर वर्षाला पंधरा टक्के व्याज. चौदा दिवस कुठले, चौदा आठवडे होतात. तोवर सोसायटीचं व्याज थांबत नाही, पोराची फी थांबत नाही, दुकानाची उधारी थांबत नाही. कारखानदार म्हणतात, साखरेला उठाव नाही. मग आमचा ऊस काट्यावर घेताना हे आठवत नाही का? वजन त्यांच्या काट्यावर, दर त्यांच्या कागदावर, आणि वाट बघायची आम्ही.'

४. हत्यारं ओळखा, पण यादी करू नका

अ‍ॅरिस्टॉटलनं मन वळवण्याचे तीन मार्ग सांगितले: ईथॉस म्हणजे बोलणाऱ्याची विश्वासार्हता, पेथॉस म्हणजे ऐकणाऱ्याची भावना, लोगॉस म्हणजे तर्क. जवळजवळ प्रत्येक वर्गात हे तीन शब्द फळ्यावर येतात, आणि मग निबंधात तीन परिच्छेद पडतात, प्रत्येकाला एकेक. तपासणाऱ्याला याचा कंटाळा आलेला असतो. शिवाय ते खरंही नसतं. वरच्या उताऱ्यातले 'चौदा दिवस' हा तर्क आहे. पण कायदा माहीत असलेला शेतकरी बोलतो आहे म्हणून त्याच आकड्यानं विश्वासही वाढतो, आणि हक्क डावलला गेल्याचा राग त्याच वाक्यातून पेटतो. तिन्ही कामं एका आकड्यानं केली. निबंधात हे दाखवायचं.

उताऱ्यात आणखी काय सापडतं?

'रांग' हा शब्द दोनदा येतो, आधी डोळ्यांना दिसणारी, मग न दिसणारी. हंगामात ट्रॅक्टरमागे अडकून पडलेला शहरातला वाचकसुद्धा पहिल्या वाक्यात ओळख देतो. दुसऱ्या वाक्यात लेखक त्याची नजर वळवतो.

'थांबत नाही' तीनदा. तिन्ही खर्च पैशाचेच, पण सोसायटी, शाळा, दुकान या क्रमानं तगादा घराच्या जवळ येत जातो. नुसतं 'पुनरावृत्तीमुळे परिणाम साधला' असं लिहिलंत तर काहीच लिहिलं नाही.

'चौदा आठवडे' याला पुरावा नाही. अक्षरशः खरं असेल किंवा अतिशयोक्ती असेल. उतारा ते सांगत नाही. 'चौदा' हा आकडा कायम ठेवून फक्त एकक बदललं आहे, म्हणून वाक्य कानाला पक्कं वाटतं. आधीच्या वाक्यातल्या खऱ्या आकड्याची पत या आकड्याला उसनी मिळते. ही जागा पहिल्या वाचनात निसटते.

कारखान्याची बाजू एका वाक्यात येते आणि तिला उत्तर मिळतं ते प्रश्नानं. साखरेच्या उठावाबद्दल एकही आकडा नाही. कारखान्याकडे पैसे आहेत पण तो देत नाही, हे न बोललेलं गृहीतक त्या प्रश्नाखाली दडलं आहे. गृहीतक शोधायचं असेल तर 'हे पटायला आधी काय मानावं लागेल?' असं विचारा.

प्रश्नार्थक वाक्याबद्दल आणखी एक पाहा. १८९७ मधल्या 'केसरी'तल्या अग्रलेखाचा गाजलेला मथळा आहे: 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' प्रश्न सरकारबद्दल आहे, सरकारला विचारलेला नाही. उत्तर वाचकानं मनात द्यायचं. प्रश्न दिसला की तो कुणाबद्दल, कुणाला आणि उत्तर कुणी द्यायचं, या तीन गोष्टी वेगळ्या करा.

अलंकारांची नावं शाळेत पाठ केलेली असतातच: उपमा, रूपक, अतिशयोक्ती, व्याजस्तुती. वापरा, पण नाव घेऊन थांबू नका.

५. 'आम्ही' की 'आपण'

याला वेगळा मथळा द्यायचं कारण, मराठी लेखाच्या विश्लेषणात याहून धारदार हत्यार नाही. 'आपण'मध्ये ऐकणारा धरलेला असतो, 'आम्ही'मध्ये वगळलेला. इंग्रजीतलं 'वुई' किंवा प्रचलित कन्नडमधलं 'नावु' हा फरक करत नाही; तिथे संदर्भावरून ओळखावं लागतं. मराठी लेखकाला मात्र दरवेळी निवड करावीच लागते.

उताऱ्यातला लेखक 'मी'नं सुरू होतो आणि 'आम्ही'वर संपतो. एकट्याची तक्रार गटाची झाली, हे सगळे लिहितील. पुढचं पाऊल असं: तो 'आपण' म्हणत नाही. म्हणजे व्याकरणानं तो ऊसउत्पादकाशी बोलतच नाही, ऊसउत्पादकांच्या वतीनं दुसऱ्या कुणाशी तरी बोलतो आहे. लेख वाचणारा शेतकरी त्या 'आम्ही'त स्वतःला बसवून घेईल. शहरातला पगारदार वाचक बाहेर उभा राहील. पहिल्या वाक्यातल्या रांगेनं त्याला आत घेतलं होतं, शेवटच्या शब्दानं बाहेर सोडलं.

निबंध इंग्रजीत लिहीत असाल तर हा फरक भाषांतरात जातो. तिथे मूळ शब्द रोमन लिपीत देऊन एका वाक्यात समजवा. उलट, कन्नड लेखावर मराठीत लिहिताना 'नावु'चं 'आपण' केलंत तर लेखकानं न केलेली सलगी तुम्ही त्याच्या पदरात टाकलीत. अशा जागी मूळ शब्द तसाच ठेवा आणि अनुवाद तुमचा आहे असं नोंदवा.

६. मध्यवर्ती विधान

एक किंवा दोन वाक्यं. त्यात चार गोष्टी हव्यात: लेखक काय करतो, कशानं करतो, कुणावर, आणि परिणाम कुठवर पोचतो.

चालणार नाही: 'लेखकाने विविध अलंकार वापरून प्रभावी लेख लिहिला आहे.' हे वाक्य कुठल्याही लेखाला चिकटतं.

चालेल: 'कायद्यातला आकडा पुढे करून लेखक शेतकऱ्याच्या तक्रारीला हक्काचं रूप देतो आणि घरखर्चाच्या चढत्या तगाद्यानं तो हक्क निकडीचा करतो, मात्र कारखान्याची बाजू एका प्रश्नात उडवल्यामुळे आणि शेवट 'आम्ही'वर केल्यामुळे, आधीच सहमत असलेल्यांपलीकडे लेखाची पकड सैल होते.'

हे विधान लेखाच्या बाजूचं नाही, विरुद्धही नाही. शेतकऱ्याला बिल वेळेवर मिळावं असं तुम्हाला कितीही वाटत असलं, तरी ते इथे येत नाही.

७. परिच्छेद कसा बांधायचा

क्रम असा: मुद्दा, छोटं अवतरण, ते कसं काम करतं, कुणावर काम करतं. अवतरण दहा-बारा शब्दांच्या आत. अवतरणाला एक ओळ दिली तर स्पष्टीकरणाला तीन ओळी द्या. अमेरिकेतल्या शालेय एपी (अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट) इंग्रजी भाषेच्या परीक्षेत या निबंधाला सहा गुण असतात, त्यांपैकी चार पुरावा आणि त्यावरच्या भाष्याला आणि एकच मध्यवर्ती विधानाला. यावरून वजन कुठे टाकायचं ते समजा.

नमुना:

'खर्चांची यादी देताना लेखक वाचकाला श्वास घेऊ देत नाही. 'सोसायटीचं व्याज थांबत नाही' इथून सुरू झालेली वाक्यं एकाच शब्दांवर आपटत राहतात आणि थकलेलं बिल थांबलेलं असताना बाकी काहीच थांबत नाही, ही विसंगती कानाला ऐकू येते. कारखान्याचं नाव या वाक्यात कुठेही नाही. आरोप न करताच दोष कुणाचा हे ऊस घालणाऱ्या वाचकाला उमगतं, आणि स्वतः काढलेला निष्कर्ष सोडायला माणूस सहसा तयार होत नाही.'

आठशे शब्दांत प्रस्तावना शंभर, मधले तीन किंवा चार परिच्छेद मिळून सहाशे, शेवट शंभर असा हिशेब ठेवा. प्रस्तावनेत लेखक, लेख, दैनिक, तारीख, परिस्थिती आणि मध्यवर्ती विधान एवढंच. 'वर्तमानपत्र हा लोकशाहीचा चौथा स्तंभ आहे' हे वाक्य लिहावंसं वाटलं तर पेन खाली ठेवून चहा पिऊन या.

मुद्द्यांचा क्रम लेखाच्या क्रमानंच ठेवा, कारण लेखाचा परिणाम साचत जातो. फक्त परिच्छेदाची सुरुवात 'त्यानंतर लेखक म्हणतो' अशी झाली की सारांशाकडे घसरण सुरू झाली समजा.

८. भाषा

लेखाबद्दल वर्तमानकाळात लिहा: मांडतो, सुचवतो, बजावतो, कबूल करतो, टोला हाणतो, बगल देतो. सगळीकडे 'म्हणतो' लिहिलंत तर विश्लेषणाची अर्धी संधी गेली. लेखकाला एकेरी की आदरार्थी हे सुरुवातीलाच ठरवा. पहिल्या परिच्छेदात 'ते मांडतात' आणि तिसऱ्यात 'तो म्हणतो' हे कच्चं दिसतं. लेखिका असेल तर क्रियापदं जपा.

'मला वाटतं', 'अप्रतिम', 'हृदयस्पर्शी', 'वास्तववादी' हे शब्द शोधून काढा. हृदयस्पर्शी म्हणजे कुणाचं हृदय, आणि कुठल्या शब्दानं स्पर्श केला, तेवढं लिहिलं की विशेषण आपोआप गळतं.

९. देण्याआधी

प्रत्येक परिच्छेदावरून लेखाचं नाव झाका आणि वाचा. दुसऱ्या एखाद्या लेखालाही तो लागू पडत असेल तर पुन्हा लिहा. मग लेखाची बाजू मान्य नसलेल्या मित्राला निबंध द्या. कर्नाटकी शाळेत कन्नड माध्यमातून शिकलेला मित्र असेल तर फारच चांगलं. वाचून झाल्यावर तुमचं स्वतःचं मत काय असेल ते ओळखायला सांगा. त्यानं पहिल्या फटक्यात ओळखलं, तर कुठल्या शब्दावरून ते विचारा आणि तो शब्द बदला.

निबंधामागे लेखाची कोरी प्रत टाचा. समासात दर पाचव्या ओळीला आकडा घाला आणि अवतरणांपुढे ओळीचा क्रमांक द्या, म्हणजे तपासणाऱ्याला लेख धुंडाळावा लागत नाही. प्रतीवर दैनिकाचं नाव, आवृत्ती आणि तारीख हातानं लिहा. झेरॉक्समध्ये पानाची वरची पट्टी हमखास कापली जाते.